मधल्या कामाची मजुरी

पुरंदर तालुक्यात भाजीपाला करणाऱ्या घराचा आठवडा पट्टीवर चालतो. संध्याकाळी माल बांधायचा, रात्री टेम्पोत भरायचा. टेम्पो दिवे घाट उतरून गुलटेकडीच्या मार्केटयार्डात जातो, पहाटे माल विकला जातो आणि मग आडत्याची पट्टी घरी येते. डाग किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती, गाडीभाडं किती आणि हे सगळं वजा जाता हाती काय, एवढंच त्या कागदावर असतं. मेथी-कोथिंबीर असली तर भाव शेकड्यावर, म्हणजे शंभर जुड्यांवर लावलेला. मी लग्न होऊन या घरात आले ती बी.कॉम. होऊन, म्हणून पट्ट्यांची फाइल आपोआप माझ्याकडे आली. त्या वहीत उतरवू लागले, तेव्हा घरातल्या बाकीच्यांना सवयीने दिसेनासं झालेलं मला दिसायला लागलं. बियाण्याचा, खताचा, फवारणीचा, तोडणीचा खर्च सगळा आधीच होऊन गेलेला असायचा. मिळणार किती हे मात्र माल गाडीत चढल्यावरही कुणाला माहीत नसायचं.

यात आडत्याला दोष देऊन काही साधत नाही. आमच्या आडत्याने नणंदेच्या लग्नात उचल दिली आहे आणि सासऱ्यांच्या आजारपणात रात्रीतून पैसे पाठवले आहेत. माल कितीही येवो, तो विकायची जबाबदारी त्याची असते. अडचण आहे ती त्या व्यवस्थेच्या घडणीत. रिझर्व्ह बँकेच्या 2024 मधल्या एका अभ्यासाप्रमाणे ग्राहकाने टोमॅटोसाठी मोजलेल्या रुपयातले 33 पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्याचे 36 आणि बटाट्याचे 37. उरलेले पैसे वाहतुकीत, हाताळणीत, नासाडीत आणि मधल्या प्रत्येकाच्या कमाईत जातात. मोठं क्षेत्र असलेला शेतकरी या 33 पैशांवरही निभावून नेईल. पण महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, ती 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आली आहे. आमच्या भावकीत वाटण्या होऊन प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन एकर उरलेत. एवढ्या रानात उत्पादन वाढवून वाढवून किती वाढणार? त्यातून घर चालवायचं तर त्या रुपयातला आपला वाटा वाढवावा लागतो, हे वही लिहिता लिहिता मला पटत गेलं.

2016 च्या जुलैत राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. त्याच सुमाराला अरणच्या संत सावता माळींच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार भरायला लागले. आमच्या वाडीतली सहा घरं एकत्र आली आणि पुण्यात एका उपनगरातल्या बाजारात टेबल लावलं. ‘शेतातून थेट ग्राहकाला, मधला माणूस नाही’ असा फलक आम्हीही लावला होता. तो फलक खोटा नव्हता, पण त्यात अर्धीच गोष्ट लिहिलेली होती. मधला माणूस गेला तरी मधलं काम राहतंच, आणि ते आपल्या घरात येतं.

हे काम काय असतं ते सांगते. यार्डात पाठवायच्या मेथीची जुडी बांधून टेम्पोत टाकली की झालं. बाजारातल्या ताई मात्र ती जुडी हातात घेऊन उलटीपालटी करतात, एक पान पिवळं दिसलं तरी खाली ठेवतात. त्यामुळे आदल्या दिवशी उन्हं कलली की मेथी उपटायची, मुळांची माती झटकायची, पिवळी पानं आणि गवत काढायचं, सारख्या जुड्या बांधायच्या आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवायच्या. टोमॅटो तीन ढिगांत निवडायचे: आज भाजीला लागणारा, दोन दिवसांनी लागणारा, आणि चिरलेला किंवा डागी. काकडी, दोडका, गवार यांची मापं वेगळी, पिशव्या वेगळ्या. मग गाडी, जागा, टेबलं, ताडपत्री, वजनकाटा, सुट्टे पैसे. तिथे दिवसभर उभं राहायचं, बोलायचं, फोनवरचे पैसे आले का बघायचं. रात्री परत येऊन कुणाचा किती माल गेला, किती उरला, कुणाला किती द्यायचे ते लिहायचं. आडत्या, हमाल, मापाडी, खोतीदार आणि गल्लीतला भाजीवाला ही सगळी माणसं जे करतात ते आता आम्हीच करत होतो.

पहिल्या काही महिन्यांत सगळ्यांना वाटलं की दुप्पट पैसे मिळतायत. वहीत मी जसं मांडलं तसं ते नव्हतं. एका बऱ्या बाजाराचा ठोकळ हिशेब असा पडायचा. विक्री अठरा हजारांची. टेम्पो, जागेचं भाडं आणि पिशव्या मिळून तीन हजार बाहेर जायचे, उरले पंधरा. तोच माल यार्डात गेला असता तर पट्टी साधारण साडेआठ हजारांची आली असती. म्हणजे साडेसहा हजार जास्त मिळाले, आणि सगळे एवढ्यावरच खूश होते. पण टेबलामागे तीन माणसं दिवसभर उभी होती आणि आदल्या दिवशी सहा बायका अर्धा दिवस निवडत-बांधत होत्या. गावात चालू असलेल्या रोजाने त्यांची मजुरी धरली तर तीन हजार होते. जादा मिळालेल्या पैशातली जवळजवळ निम्मी रक्कम नफा नव्हतीच. ती या लोकांची मजुरी होती आणि सहा घरांत मालाच्या वजनाप्रमाणे वाटली जात होती. ज्याचा माल जास्त त्याला जास्त. राबलं कोण, हे कुठे लिहिलेलंच नव्हतं.

आमच्या पंचक्रोशीत असे गट उभे राहिले आणि दोन-तीन वर्षांत बंद पडले, त्यांची कारणं विचारत मी फिरले आहे. भांडण झालं, गाडी परवडेना, पोरगं नोकरीला गेलं अशी उत्तरं मिळतात. खोलात गेलं की बहुतेक ठिकाणी एकच दिसतं: एक घर राबत होतं आणि बाकीची घरं माल देत होती. राबणारं घर वर्ष-दीड वर्ष उत्साहावर टिकतं, मग थकतं. त्यांनी मजुरी मागितली तर बाकीच्यांना ते कमिशन वाटतं, आणि आडत्याला सोडून आपल्यातलाच दुसरा आडत्या केला की काय अशी कुजबुज सुरू होते. हे बोलणं आमच्या ओसरीवरही झालं. आमच्यातले तात्या म्हणाले, “घरच्या कामाची कसली मजुरी लावतीस?” तेव्हा माझ्या आधी आत्याबाई बोलल्या. त्यांनी आयुष्यभर जुड्या बांधल्या आहेत. त्या म्हणाल्या, “रोजानं बाई लावली तर देता न्हवं? मग आमचं काय फुकट हाय?”

त्या दिवसापासून आमच्या वहीत मजुरीचा रकाना आला. आधी गाडी आणि जागा, मग निवडणी, बांधणी, विक्री आणि हिशेब यांची मजुरी, आणि त्यानंतर जे उरेल ते मालाच्या वजनाप्रमाणे. मजुरी ज्याची त्याच्या खात्यावर जाते, घरच्या कर्त्या माणसाच्या नाही. माझ्या जाऊबाईंच्या नावावर सातबाऱ्यावर एक गुंठा नाही, पण दर आठवड्याला त्यांच्या खात्यावर त्यांच्या कामाचे पैसे येतात. त्यातून त्यांनी आधी पिठाची गिरणी घेतली. आता त्या मालदांडी ज्वारीचं आणि बाजरीचं पीठ बाजारच्या दिवशी पहाटे दळून देतात. पावसाळ्यात भाजी कमी असते तेव्हा टेबलाचा खर्च हे पीठच भागवतं. आपल्या शेतीतला बायकांचा वाटा मोठा असतो असं भाषणात सगळेच म्हणतात. तो वाटा रकमेत लिहिल्यावर घरातलं बोलणं बदलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बाजार आला तशी रानातली आखणीही बदलली. यार्डासाठी मेथी करायची तर अर्धा एकर एकदम टाकावी लागते, म्हणजे गाडी भरते. महिन्याने ती एकदम काढायला येते, तेव्हा बाहेरच्या मजूर बायका शोधत फिरावं लागतं आणि त्याच दिवशी शेकडा पडला तर सगळं बुडतं. आता आम्ही दोन-दोन गुंठ्यांचे वाफे दर आठ-दहा दिवसांनी टाकतो. मेथी महिन्यात येते, कोथिंबीर चाळीस दिवसांत, मुळा दीड महिन्यात. कुठल्याही आठवड्याला काहीतरी काढणीला असतं आणि ते काढायला घरची माणसं पुरतात. बेवड चांगला राहतो, एका पिकावर रोग आला तरी बाकीची उभी असतात. मोठ्या बाजारात लहान रान ही उणीव ठरते. इथे त्याच लहान रानाची घडी बसते, कारण चाळीस घरांना एकाच दिवशी अर्धा एकर मेथी नको असते. त्यांना थोडी मेथी, थोडा पालक, किलोभर टोमॅटो, चार लिंबं आणि एक भोपळ्याची फोड हवी असते.

शिवाय यार्डात ज्याला भावच नाही असं बरंच काही इथे चालतं. चाकवत, चंदनबटवा, करडईची कोवळी भाजी, ओला पावटा. थंडीत आम्ही हरभऱ्याचे शेंडे खुडतो. ते खुडल्याने झाडाला फुटवा जास्त येतो, म्हणून ते काम पूर्वीही करावंच लागे. खुडलेली पानं घरच्या भाजीपुरती ठेवायची आणि उरलेली गुरांना. त्या पानांवर आंब असते. तासभर खुडलं की बोटांची टोकं चुरचुरतात, ओठाला हात लागला तर आंबट लागतो. पहिल्यांदा आम्ही ती पाटी टेबलावर ठेवली तेव्हा एक वयस्कर आजी थांबल्या, चिमूटभर पान तोंडात टाकलं आणि विचारलं, “ह्याला पाण्यानं धुतलं नाहीये ना?” आंब गेली तर त्या भाजीला चव नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सगळी पाटी घेतली आणि शेजारणींना फोन केले. पुढच्या आठवड्यापासून त्या भाजीची आगाऊ नोंद व्हायला लागली. जो शेंडा आम्ही पिकाच्या भल्यासाठी खुडत होतो त्याचेच आता पैसे होतात, आणि खुडणीची मजुरी त्यातून निघून वर उरतं.

अंजीर हे तर जवळच्या बाजारासाठीच जन्माला आलेलं फळ आहे. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने फळाचा स्वभाव बदलत नाही. पिकलेलं अंजीर दोन दिवसांच्या वर राहत नाही. पहाटे काढावं लागतं, देठातून पांढरा चीक येतो, तो हाताला लागला की कातडी खाजते आणि सोलपटते. लांबच्या बाजाराला पाठवायचं तर कच्चटच काढावं लागतं, मग त्याला पुरी गोडी येत नाही. पुण्यात सकाळी पोचवायचं असेल तर झाडावर पिकू देता येतं. खालच्या तोंडाशी किंचित उकललेलं अंजीर यार्डात कमी प्रतीचं धरतात. आमच्या ग्राहकांना आम्ही सांगितलं की ते त्याच दिवशी खायचं, तेच सगळ्यात गोड. आता काही घरं मुद्दाम उकललेलीच मागतात. कमी प्रतीचं ठरलेलं फळ त्याच दिवशी योग्य माणसाच्या हातात पडलं, एवढाच यात फरक.

भावाबद्दल मात्र आम्हाला फार विचार करावा लागला. सुरुवातीला आम्ही यार्डाचा भाव आणि दुकानाचा भाव यांच्या मधला एक आकडा रोज ठरवायचो. त्यात जुनीच अनिश्चितता वेगळ्या कपड्यांत आमच्याकडे येत होती. मग लागणीआधी बसून खर्च काढायचा रिवाज पाडला. रोपं, शेणखत, मल्चिंग पेपर, सुतळी-बांबू, फवारणी, तोडणी आणि घरची मजुरी धरून किलोला किती पडतं ते काढायचं. त्याच्या खाली विकायचं नाही, आणि वरचीही एक मर्यादा ठेवायची. जी घरं दर आठवड्याला भाजीची पिशवी घेतात, तीन महिन्यांचे पैसे आधी भरतात, त्यांना या दोन टोकांच्या आतला भाव ठरवून द्यायचा. जपानमध्ये 1970 च्या दशकापासून ‘तेइकेइ’ नावाने ग्राहकांचे गट शेतकऱ्याशी असा करार करत आले आहेत, अमेरिकेत 1986 पासून तसे गट उभे राहिले. आम्हाला हे नंतर वाचून कळलं. आमच्याकडे ते खर्चाच्या वहीतून आलं.

या ठरलेल्या भावाची परीक्षा 2023 मध्ये झाली. त्या वर्षी उन्हाळ्यात टोमॅटोचा भाव इतका पडला की राज्यात शेतकऱ्यांनी जाळ्या रस्त्याच्या कडेला ओतल्या. आमच्या पिशवीच्या ग्राहकांनी तेव्हा ठरलेला भाव दिला, बाहेर दहा रुपयांनी मिळत असतानाही. जुलै उजाडला आणि तोच टोमॅटो शहरात किलोला शंभराच्या वर गेला. आता व्यापारी बांधावर येऊन उभे राहायला लागले. गटाची बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. एकजण म्हणत होता, सगळा माल यार्डात टाकू, दोन वर्षांचं कर्ज फिटेल. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. कर्ज खरं होतं आणि अशी संधी क्वचित येते. गटातले बापू म्हणाले, ज्यांनी मे महिन्यात आपल्याला सांभाळलं त्यांच्या ताटातून टोमॅटो काढायचा नाही. शेवटी असं ठरलं की पिशव्यांपुरता माल ठरलेल्या भावाने द्यायचा आणि त्यावरचा ज्याने त्याने हवा तिथे विकायचा. त्या महिन्यात सहाही घरांनी यार्डात चांगले पैसे केले आणि एकाही घराची पिशवी चुकली नाही. त्यानंतरच्या हंगामात आगाऊ पैसे भरणारी घरं वाढली. यार्ड सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. दोन-तीन एकरांच्या घराला निदान निम्म्या मालाचा भाव आधी माहीत असला की बाकीच्या निम्म्यावर ते धोका पत्करू शकतं.

ग्राहकाशी समोरासमोर उभं राहिलं की प्रश्नांची उत्तरंही द्यावी लागतात. सगळ्यात अवघड प्रश्न पाण्याचा आहे. पुरंदर उपसा सिंचन योजनेतून आमच्या तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यात पाणी येतं, आणि ते मुळा-मुठेतून उचललेलं असतं. म्हणजे पुणे शहराने वापरून सोडलेलं पाणी. त्या पाण्याने आमच्याकडे रानं हिरवी झाली हे खरं, आणि त्या पाण्याला वास येतो हेही खरं. एका बाईंनी टेबलापाशी थेट विचारलं, “ही भाजी कुठल्या पाण्याची?” पालेभाज्या आणि कच्च्या खायच्या भाज्या विहिरीच्याच पाण्यावर करायच्या हे आम्ही ठरवलेलं होतं, ते त्यांना सांगितलं. योजनेच्या पाण्यावर कुठली रानं आहेत तेही सांगितलं. मग मी त्यांना म्हटलं, “ताई, ते पाणी तुमच्याकडून येतं. तुमच्या शहराने ते नीट शुद्ध करून सोडलं तर आमचं सगळंच रान तुमच्या उपयोगाचं होईल.” त्यांनी तो विषय त्यांच्या सोसायटीच्या सभेत मांडला. शहर आणि शेती एकाच नदीवर आहेत हे अहवालात वाचून एवढं उमजत नाही, जेवढं हातात पालकाची जुडी धरून उमजतं. स्थानिक बाजाराचा मला वाटणारा मोठा फायदा हा आहे. ज्याच्या ताटात जातं आणि ज्याच्या रानातून येतं, ते दोघं एकमेकांना जाब विचारू शकतात.

2020 च्या टाळेबंदीत थेट विक्रीला एकदम भरती आली होती. सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवरून यादी यायची, गेटवर टेबल लागायचं, संध्याकाळपर्यंत सगळं संपायचं. कितीतरी तरुणांनी त्या भरवशावर गाड्या घेतल्या. दुकानं उघडली आणि यादी आटली. पुढे दहा मिनिटांत भाजी घरी देणारी ॲप आली. तेव्हा जे गट टिकले ते ओळखीवर टिकले, आणि ओळखीबरोबर शिस्तीवर. ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी गाडी उभी असलीच पाहिजे, पाऊस असो वा लग्नसराई. ज्ञानोबांची पालखी सासवडला यायची असते त्या दिवशी दिवे घाट वाहनांना बंद असतो, तेव्हा आम्ही बोपदेव घाटाने जातो, वेळ गाठायला पहाटे लवकर निघतो, पण वार चुकवत नाही. ग्राहकाला शेतकऱ्याबद्दल आपुलकी असते हे मी नाकारत नाही. पण आपुलकीवर दर आठवड्याचा स्वयंपाक होत नाही, त्याला भरवसा लागतो.

आमच्या हातात नसलेली एक गोष्ट म्हणजे जागा. बाजार बसला, ग्राहक ठरले, की कधी त्या मैदानावर मांडव पडतो, कधी गाड्या लावायला अडचण होते म्हणून तक्रार होते आणि आम्हाला दुसरीकडे जा म्हणतात. जागा बदलली की निम्मे ग्राहक तुटतात, पुन्हा जमवायला हंगाम जातो. पंजाबात 1987 मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू झाली, आंध्रात 1999 मध्ये ‘रयतू बाजार’ आणि त्याच वर्षी तामिळनाडूत ‘उळवर संदै’. या तिन्ही ठिकाणी शेतकऱ्याने थेट विकण्यासाठी सरकारने पुढाकार घेऊन बाजार उभे केले. आपल्याकडे बाजार आहेत, पण त्यांच्या पायाखालची जमीन कायमची नाही. प्रत्येक प्रभागात आठवड्यातून एक दिवस हक्काने वापरता येईल असा छपराचा ओटा, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि गाडी उभी करायला जागा एवढंच मिळालं तरी पुरे. बायका दिवसभर टेबलामागे उभ्या असतात, त्यातली प्रत्येक जण तुम्हाला सांगेल की यातली पहिली गरज स्वच्छतागृहाची आहे.

शेतीचं भवितव्य मी आमच्या पुतण्याच्या लग्नावरून मोजते. तो कारखान्यात कंत्राटी नोकरीला होता, ती सुटल्यावर गटाची गाडी आणि ग्राहकांच्या नोंदी त्याने हातात घेतल्या. त्या कामाची मजुरी आमच्या वहीत असल्यामुळे त्याच्या खात्यावर दर आठवड्याला रक्कम जमा होते. आमच्याकडे शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला लोक तयार नसतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही; ज्या घराला पुढच्या महिन्याचं उत्पन्न सांगता येत नाही तिथे कोण आपली मुलगी देईल? मुलीकडचे आले तेव्हा त्यांनी पगार विचारला. पुतण्याने बँकेचं पुस्तक पुढे ठेवलं. लग्न ठरलं. शिवारात राहणारी तरुण माणसं अशीच राहतील. मातीच्या ओढीने येतील ते येतीलच, पण दर आठवड्याच्या नोंदीने टिकतील.

आणि टिकणं आज आमच्या तालुक्यात नुसतं भावाशी बांधलेलं नाही. नियोजित विमानतळासाठी सात गावांच्या जमिनींचा प्रश्न उभा आहे. त्यात महात्मा फुल्यांच्या घराण्याचं खानवडीही आहे. आसपासच्या गावांत प्लॉटिंगचे फलक लागलेत. एक एकर विकला तर भाजीच्या कित्येक वर्षांच्या कमाईएवढे पैसे एकदम मिळतात. हे आकडे समोर असताना ‘जमीन विकू नका’ असा उपदेश मी कुणाला करत नाही. पण ज्या घरात शेतीतून दर आठवड्याला पैसा येतो, ज्या घरातल्या बाईला तिच्या कामाचे पैसे मिळतात आणि मुलाला गावात राहून काम आहे, ते घर एजंटासमोर बसतं तेव्हा त्याला नकार द्यायची ताकद असते. बाकीच्यांना तो पर्यायच नसतो. शेतकऱ्याने कर्ज आणि अडाणीपणा यांच्या कात्रीत सापडून जमीन गमावू नये हे जोतीरावांनी 1883 मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून सांगितलं. आज त्यासाठी लागणारी विद्या हिशेबाची आहे, आणि ती गावातल्या दहावी-बारावी झालेल्या कुठल्याही मुलीला येते.

शहरातल्या वाचकांकडे माझं मागणं दयेचं नाही, आणि महाग घ्या असंही मी म्हणत नाही. लागणीच्या आधी सांगा. आषाढात गणपतीची भाजी सांगा, दिवाळीत हुरड्याच्या दिवसांतली सांगा, थोडे पैसे आधी भरा आणि भाव वर गेला तरी आणि खाली आला तरी ठरलेलं पाळा. ते आम्हीही पाळू. आणि गावातल्या ज्या गटांना थेट विक्री सुरू करायची आहे त्यांनी फलक रंगवायच्या आधी वही आखावी. माल, गाडी आणि जागा यांच्या रकान्यांशेजारी निवडणाऱ्या, बांधणाऱ्या, विकणाऱ्या आणि हिशेब ठेवणाऱ्या माणसांच्या नावाचे रकाने घालावेत. मजुरी पहिल्याच बाजारापासून द्यावी, कितीही थोडी असली तरी. आमच्या भागात पुढच्या हंगामापासून आणखी दोन वाड्या थेट विक्री सुरू करणार आहेत. त्यांच्या वह्या आखून द्यायला मी आणि जाऊबाई जाणार आहोत, आणि त्या कामाची आमची मजुरी त्यांनी आधीच लिहून ठेवली आहे.